जाहिरातीला बंदी असताना नाशिकमधल्या नव्या लॉ फर्मने वेगळं कसं दिसावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघांनी मिळून शरणपूर रोडला फर्म सुरू केली आहे. दोघे दिवाणी बघतात, एक जण फौजदारी. काम येतं, पण ओळखीपाळखीतून आणि तुटक येतं. एका डिजिटल एजन्सीने महिन्याच्या ठरावीक रकमेत रील, गुगलवरच्या जाहिराती आणि ‘खात्रीच्या लीड्स’ (म्हणजे संभाव्य पक्षकारांचे संपर्क) देऊ केल्या आहेत. ते घ्यावं का, आणि नाही घेतलं तर नाशिकच्या बारमधल्या, म्हणजे वकिलांच्या, एवढ्या गर्दीत लोकांनी तुमच्याकडेच का यावं?

पॅकेज घेऊ नका. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तनाचे जे नियम केले आहेत, त्यातला ३६ वा नियम तिघांनी मिळून एकदा शब्दन् शब्द वाचा. परिपत्रक, जाहिरात, दलाल, ओळख नसताना केलेला संपर्क, वर्तमानपत्रात छापून आणलेली टिप्पणी, स्वतः चालवत असलेल्या खटल्याच्या बातमीसोबत दिलेला फोटो, यांपैकी कोणत्याही मार्गाने, थेट किंवा आडून, काम मागायला त्यात मनाई आहे. पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. पाटीवर किंवा लेटरहेडवर ‘माजी न्यायाधीश’, ‘बार असोसिएशनचे अध्यक्ष’, ‘अमुक प्रकरणांचे स्पेशालिस्ट’ असं काहीही लिहिता येत नाही. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांची ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाठवलेला संदेश म्हणजे आजचं परिपत्रकच. एजन्सी ज्याला ‘लीड’ म्हणते, त्यात या नियमाने मना केलेल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

हा नियम कुणाला जुनाट वाटेल, पण तो आपल्याच राज्यातल्या अनुभवातून पक्का झाला आहे. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या हातातले कागद ओढून घेणाऱ्या वकिलांवर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्रने कारवाई केली, आणि सत्तरच्या दशकात ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दाभोळकर निकाल या नावाने आपण तो शिकतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात वकिली म्हणजे धंदा नव्हे, हे फार कडक शब्दांत सांगितलं आहे. ज्याच्या मुलाला रात्री उचलून नेलं आहे किंवा ज्याच्या बांधावर जेसीबी उभा आहे, तो माणूस निवड करण्याच्या मनःस्थितीत नसतो. समोर जो मोठ्याने ओरडेल त्याच्या हातात तो कागद देतो. त्या अवस्थेचा फायदा कुणी घेऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तो मला मनापासून पटतो.

अलीकडे अंमलबजावणीही वाढली आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलांवरून वकिलांची सेवा विकण्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यापाठोपाठ बार कौन्सिल ऑफ इंडियाने राज्यांच्या कौन्सिलांना कारवाईचे निर्देश दिले. मार्च २०२५ मध्ये अभिनेते आणि सोशल मीडियावरचे इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या वकिलांच्या प्रसिद्धीविरुद्ध स्वतंत्र पत्रक निघालं. तक्रार झाली तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ताकीद मिळू शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित होऊ शकते आणि गंभीर बाबतीत रोलवरून नावही काढलं जातं. एजन्सीचं यात काहीच जात नाही. सनद तुमची जाते.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. नाशिक जिल्ह्यात माणूस वकिलापर्यंत कसा पोचतो, हे तुम्ही नीट पाहिलंत तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल. निफाडचा द्राक्ष बागायतदार आपल्या सोसायटीच्या सचिवाला विचारतो, नाहीतर मेव्हण्याला. अंबडचा कारखानदार सीएला विचारतो. इंदिरानगरच्या अपार्टमेंटचा चेअरमन शेजारच्या अपार्टमेंटच्या चेअरमनला विचारतो. सगळे एकच विचारतात, “कोणी चांगला वकील आहे का हो?” आणि त्यावर समोरचा एकच वाक्य बोलतो. “ते ना, कन्व्हेयन्सची कामं करतात, वेळेत करतात.” “त्या बाई आहेत ना, त्या सगळं लिहून देतात.” तुमचं सगळं मार्केटिंग त्या एका वाक्यात असतं, आणि ते तुमच्या गैरहजेरीत दुसराच माणूस बोलत असतो. त्याच्या तोंडी कोणतं वाक्य जाईल हे तुम्हाला तुमच्या कामातून ठरवायचं आहे. “चांगले आहेत, सगळंच बघतात,” हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण ते बारमधल्या प्रत्येकाबद्दल बोललं जातं.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे कामाचा एखादा अरुंद पट्टा निवडणं. बाकीची कामं सोडा असं मी म्हणत नाही. नव्या फर्मला ते परवडणारही नाही. पण एक विषय असा हवा की त्यात तुमच्या फर्मइतकी तयारी जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी असेल. नाशिकमध्ये असे विषय डोळ्यासमोर पडलेले आहेत.

द्राक्षाचंच घ्या. दिंडोरी, निफाड या पट्ट्यात दर हंगामात परप्रांतातले व्यापारी बागेत येऊन सौदा करतात. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख देतात, मग चेक देतात आणि शेवटी फोन बंद. शेतकरी गावातल्या पुढाऱ्याकडे जातो, मग पोलीस स्टेशनला चकरा मारतो, आणि वकिलाकडे येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद दाखल झाली पाहिजे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ आणि १४२ चं हे गणित आपल्याला पाठ असतं, बागायतदाराला नसतं. सौदा करताना व्यापाऱ्याचं आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घेणं, गाडी भरताना वजनाच्या पावतीवर त्याच्या माणसाची सही घेणं, भाव आणि प्रतवारी लिहून घेणं, या साध्या गोष्टींवर पुढची सगळी केस उभी राहते. हंगाम सुरू होण्याआधी हे काम जाणणारी फर्म म्हणून तुमचं नाव त्या दोन तालुक्यांत पोचलं, तर वर्षभराची फौजदारी आणि वसुलीची कामं तिथूनच येतील.

दुसरा विषय शहरातला. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, पाथर्डी फाटा या भागांत अशा कितीतरी जुन्या इमारती आहेत की जिथे बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून दिलेलंच नाही. पुनर्विकासाचा विषय निघाला की सभासदांना पहिल्यांदा कळतं की जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. फ्लॅटधारकांसाठीच्या मोफा कायदा, १९६३ च्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी जमीन नावावर होण्याचा, अर्ज करता येतो. पण आपली इमारत सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची, हेच पुष्कळ चेअरमनना ठाऊक नसतं. डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा दस्त, कपाटात पडलेलं असतं आणि ते कुणी उघडून वाचलेलं नसतं. या कामात कोर्टात गाजणारं भाषण नाही, उलटतपास नाही. चिकाटीने कागद गोळा करणं आहे. म्हणूनच फार वकील तिकडे वळत नाहीत. एका इमारतीचं काम नीट झालं की त्या गल्लीतल्या इतर इमारती आपोआप विचारायला येतात, कारण चेअरमन लोक एकमेकांशी बोलतात.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या लहान कारखानदारांचा विषय तिसरा. मोठी कंपनी माल घेते आणि पैसे आठ-आठ महिने अडकवते. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारानेसुद्धा ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं, आणि दाद अशा थकबाकीचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. कारखानदार बहुतेक वेळा म्हणतो, “मॅडम, गिऱ्हाईक तुटेल.” त्याला खटला नको असतो, पैसे हवे असतात. तिथे पत्राची भाषा कशी ठेवायची, कौन्सिलकडे कधी जायचं आणि कधी थांबायचं, ही समज असलेला वकील त्याला लागतो.

आणि जमीन तर आहेच. सिंहस्थाची कामं, महामार्ग, रिंग रोड यांमुळे नाशिकभोवतीच्या गावांत संपादनाची चर्चा कायम चालू असते. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली तर वाढीव मोबदल्याची दाद लवादापुढे मागावी लागते, आणि २०१३ च्या कायद्याखालच्या संपादनात कलम ६४ चा संदर्भ अर्ज करावा लागतो. दोन्हींची वाट वेगळी आणि मुदतीही वेगळ्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या बाजूला आदिवासी जमिनींच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ ची बंधनं आहेत. मुंबईहून येऊन ‘निसर्गात एक एकर’ शोधणाऱ्या माणसाला ती सांगितलेली नसतात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे कूळकायद्याचं कलम ६३ सुद्धा त्याला विसार देऊन झाल्यावर कळतं. अशा व्यवहारात ‘हा व्यवहार करू नका’ असं लेखी सांगणारा वकील दुर्मीळ आहे. फी बुडते, पण ते नाव फार लांब जातं.

यांतला एक विषय निवडा. कोणता, ते तुमच्या तिघांपैकी कुणाचं गाव कुठे आहे, कुणाच्या घरी बाग आहे, कुणाचा भाऊ एमआयडीसीत आहे यावर ठरवा. जिथली भाषा तुम्हाला घरातून येते, तिथे लोक लवकर मोकळे होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी बारमध्येही सांगते आणि बहुतेकांना ते फार साधं वाटतं. सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टाच्या आवारात कुठल्याही दिवशी दुपारी उभं राहा आणि बाहेर पडणाऱ्या पक्षकाराला विचारा, आज काय झालं? तो सांगेल, “तारीख पडली.” का पडली, पुढच्या तारखेला काय होणार आहे, आपण काय आणायचं आहे, दावा कोणत्या टप्प्यावर आहे, यातलं त्याला काही माहीत नसतं. चांदवडहून, सटाण्याहून एसटीने आलेला माणूस तीन तास बाकावर बसून ‘तारीख पडली’ एवढंच घेऊन परत जातो. घरी बायको विचारते, भाऊ विचारतो, आणि त्याच्याकडे सांगायला काही नसतं. नाशिकमध्ये वेगळी फर्म व्हायची सर्वांत मोठी जागा इथे मोकळी पडली आहे.

प्रत्येक तारखेनंतर त्याच दिवशी संध्याकाळी पक्षकाराला मराठीत चार ओळी लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवा, फोन साधा असेल तर कागदावर द्या. नमुना असा: “आज दि. अमुक. मनाई अर्जावर समोरच्या वकिलांनी म्हणणं दाखल करायला वेळ मागितला, कोर्टाने शेवटची संधी दिली. पुढची तारीख अमुक. त्या दिवशी युक्तिवाद होण्याची शक्यता आहे. तुम्ही येण्याची गरज नाही. कुणाबरोबर तरी २०१५ नंतरचे सर्व फेरफार पाठवा.” बस्स. ‘तुम्ही येण्याची गरज नाही’ या एका वाक्याने शेतकऱ्याचा एक दिवस वाचतो. खरं तर तेवढ्या वाक्यासाठीसुद्धा लोक वकील बदलतील.

या चार ओळी लिहायला ज्युनिअरला फार तर दहा मिनिटं लागतात, पण शिस्त लागते. कोर्टातून आल्यावर डायरी भरताना त्याच वेळी संदेश गेला पाहिजे, उद्यावर टाकला की संपलं. तिघांपैकी एकाने हे स्वतःच्या अंगावर घ्या. संदेशात आपली फुशारकी नको, न्यायाधीशांवर शेरा नको, समोरच्या वकिलाची बदनामी नको. तो स्क्रीनशॉट कुठेही फिरू शकतो असं धरूनच लिहा. गोपनीय गोष्टी, तडजोडीचे आकडे, पुराव्याची रणनीती प्रत्यक्ष भेटीतच बोला.

याच्या जोडीला केस नोंदली गेली की लगेच पक्षकाराला तिचा सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या नोंदीतला त्या केसचा खास क्रमांक) एका कार्डावर लिहून द्या आणि त्याच्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर ई-कोर्ट्स ॲप कसं बघायचं ते दाखवा. काही वकिलांना भीती वाटते की पक्षकाराला सगळं दिसायला लागलं की तो प्रश्न विचारेल. विचारू दे. जो वकील स्वतःहून दार उघडतो त्याच्यावर शंका घेतली जात नाही. ‘आमच्या वकिलांनी आम्हाला नंबर दिला, आम्ही घरी बघतो’, हे वाक्य गावात फिरतं. फिरवायला पैसे लागत नाहीत आणि ३६ व्या नियमालाही धक्का लागत नाही.

फीबद्दलही तेच. फीचं पत्र मराठीत द्या. दाव्याचे टप्पे लिहा: नोटीस, दावा दाखल, मनाई अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याची फी, कोर्ट फी आणि खर्च वेगळा, अपील झालं तर ती फी यात नाही, हे स्पष्ट लिहा. पैसे घेतले की पावती द्या. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं हे नियमांनुसार आपलं कर्तव्यच आहे, उपकार नव्हे. अपघात नुकसानभरपाईच्या किंवा भूसंपादनाच्या केसमध्ये ‘मिळेल त्याचे इतके टक्के’ असं ठरवू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला २० व्या नियमाने मनाई आहे, आणि नाशिकमध्ये ही टक्केवारी सर्रास बोलली जाते म्हणून ती चालते असं होत नाही. ‘आम्ही टक्क्यांवर काम करत नाही, फी आधी लिहून देतो’, हा तुमचा वेगळेपणा असू द्या. सुरुवातीला दोन पक्षकार त्यामुळे जातील. जाऊ द्या.

लिहिणं आणि बोलणं हा पुढचा मार्ग, आणि तो नियमात बसतो. मात्र रेघ कुठे आहे ती ओळखा. कायद्याची माहिती देणं म्हणजे काम मागणं नव्हे. माहितीच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी कॉल करा’ आलं की ते काम मागणं झालं. ‘शंभर टक्के जामीन’, ‘तीन महिन्यांत घटस्फोट’ असलं काही बोलणं तर फसवणूकच आहे. गाऊन आणि बँड घालून कोर्टाच्या पायऱ्यांवर काढलेले व्हिडिओ मला अजिबात पटत नाहीत. समारंभाचे प्रसंग सोडले तर कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी गाऊन-बँड घालायला वेशाच्या नियमांनीही मनाई आहे.

मग लिहायचं काय? जे लोकांना आज हवं आहे आणि कुणी नीट सांगत नाही ते. उदाहरणार्थ, महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट या विषयांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्याबद्दल गप्प बसलेल्याही कितीतरी बहिणी आहेत. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी काय विचारावं, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क कसा मिळाला, २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यातला कोणता गोंधळ मिटला, यावर सरळ मराठीत आठशे शब्द कोण लिहितं? सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली का, साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय, मृत्यूपत्राची नोंदणी सक्तीची आहे का, हे प्रश्न दर आठवड्याला ऑफिसात विचारले जातात. तुमच्या टेबलावर महिनाभरात आलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षभराचे लेख त्या वहीतच आहेत. एजन्सीला विषय सुचवायला सांगाल तर ती तुम्हाला दिल्लीच्या घटस्फोटाबद्दल लिहायला लावेल.

भाषा मराठी ठेवा आणि कायद्याचा शब्द टाळता येत नसेल तर तो वापरून लगेच उलगडून सांगा. स्वतःच्या चालू केसबद्दल एक अक्षरही लिहू नका, बातमीदाराने फोन केला तरी नाही. लेखाखाली नाव पुरे.

भाषणांची आमंत्रणं यायला वेळ लागतो, पण नाशिकमध्ये व्यासपीठांची कमी नाही. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट यांना विषय समजावून देणारा वकील हवाच असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांत नाव द्या. तिथे मानधन मामुली असतं, म्हणून बरेच जण टाळतात. मी म्हणेन की पहिली दोन वर्षं एकही शिबिर चुकवू नका. पेठ-सुरगाण्याच्या शिबिरात लोक जे विचारतात, ते शहरात बसून कधीच कळत नाही. भाषणानंतर व्हिजिटिंग कार्डं वाटू नका. ज्याला हवं तो विचारत येतो. हातात द्यायचा कागद असेल तर त्यावर मुदतींची माहिती असू दे, फर्मचं नाव-नंबर नको. हा अतिसावधपणा वाटेल, पण नावासह वाटलेला कागद आणि परिपत्रक यांत फरक सांगत बसायची वेळ येऊ नये.

वेबसाइटबद्दल थोडक्यात. २००८ मध्ये ३६ व्या नियमात दुरुस्ती झाली आणि वकिलांना वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायला परवानगी मिळाली: नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या बार कौन्सिलच्या रोलवर नाव आहे, कोणत्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. माहिती खरी असल्याचं निवेदनही द्यावं लागतं. गंमत अशी की पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ लिहिता येत नाही, पण वेबसाइटवर कामाची क्षेत्रं देता येतात. तेव्हा ‘दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, ग्राहक, महसूल, सर्व’ अशी यादी टाकून ती संधी वाया घालवू नका. दोन-तीनच क्षेत्रं लिहा. पक्षकारांचे अभिप्राय, जिंकलेल्या केसेसची यादी, ‘नाशिकमधील अग्रगण्य’ हे सगळं टाळा. गुगल मॅपवर ऑफिसचं ठिकाण, वेळ आणि फोन बरोबर असू द्या, म्हणजे सिन्नरहून आलेला माणूस शोधत फिरणार नाही. रिव्ह्यू मागत सुटू नका, आणि कुणी वाईट लिहिलं तर त्याच्या केसचा तपशील देऊन उत्तर तर मुळीच देऊ नका. पक्षकाराने तुमच्याजवळ बोललेलं गोपनीय असतं. तो रागावला म्हणून ते उघड करता येत नाही.

काम कुठून येतं याचा हिशेब मांडलात तर एक मोठा झरा तुम्हाला दिसेल, तो म्हणजे दुसरे वकील. येवल्याच्या, मालेगावच्या वकिलाला नाशिकच्या कोर्टात किंवा विभागीय आयुक्तांकडे काम असतं. मुंबई-पुण्याच्या फर्मला इथे स्थानिक वकील लागतो. त्यांच्या पक्षकाराला तुम्ही कसं वागवता, यावर पुढचं काम ठरतं. ज्याने पाठवलं त्याला प्रत्येक तारखेची चार ओळींची चिठ्ठी जाऊ द्या, आणि पक्षकार त्याचाच आहे हे कधी विसरू नका. दुसऱ्याचं वकीलपत्र असलेल्या केसमध्ये त्याच्या संमतीशिवाय हजर व्हायचं नाही, हा नियमही आहे आणि बारमधली प्रतिष्ठाही त्यावरच टिकते.

मात्र एजंट, हॉस्पिटलमधले ‘मदतनीस’, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे ओळखीचे लोक, यांच्याशी कमिशनचा व्यवहार ठेवू नका. वकील नसलेल्यासोबत फी वाटून घेता येत नाही. दलालांबाबतची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने थेट ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये, कलम ४५ अ म्हणून आली आहे. दलालांच्या यादीत नाव असताना दलाली केली तर त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सीए किंवा आर्किटेक्ट मित्र काम पाठवत असेल तर त्याला पैसे देऊन नव्हे, त्याच्या अशिलाचं काम नीट करून परतफेड करा.

जुने लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात अशी एक बाब म्हणजे ‘जाहीर नोटीस’. जमीन खरेदीआधी हरकती मागवणारी नोटीस वर्तमानपत्रात तुमच्या नावाने छापली जाते, तीही पक्षकाराच्या कामासाठी, पूर्ण कायदेशीर. देशदूत किंवा लोकमतमधल्या त्या पानावर कितीतरी लोकांची नजर असते: एजंट, बिल्डर, शेजारचा शेतकरी, दुसरे वकील. गट नंबर चुकलेला, चतुःसीमा उलटसुलट, वाक्य अर्ध्या पानाचं आणि अर्थ शून्य, अशा नोटिसा रोज येतात. तुमच्या नोटिशीत गट नंबर, क्षेत्र, हिस्सा, चतुःसीमा, हरकतीची मुदत आणि हरकत कुठे आणायची हे पहिल्या वाचनात कळलं पाहिजे. नोटरीकडच्या ठरावीक नमुन्यातून उतरवू नका. चांगला मसुदा हीसुद्धा ओळख आहे, आणि ती न मागता छापून येते.

ऑफिसात एक खोली अशी ठेवा की जिचं दार बंद होतं. कौटुंबिक वादात आलेली बाई चार ज्युनिअर आणि दोन अनोळखी पक्षकारांसमोर बोलत नाही. ती दुसऱ्यांदा येतच नाही, आणि का आली नाही हे तुम्हाला कधी कळत नाही. फोन उचलणारा माणूस ठरलेला असू द्या. ‘साहेब कोर्टात आहेत’ एवढं उत्तर पुरत नाही. काय काम आहे ते लिहून घेऊन, पाच ते सातच्या दरम्यान फोन येईल असं सांगायचं आणि तो खरोखर करायचा.

या महिन्यात एवढंच करा. एजन्सीला नकार कळवा. मग तिघे बसून सगळ्या चालू फाइली बाहेर काढा आणि प्रत्येक पक्षकाराला एक पत्र लिहा: दावा कोणत्या टप्प्यावर आहे, मागच्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती, सीएनआर क्रमांक काय, आतापर्यंत फी किती आली आणि किती राहिली. काही फाइलींत हे तुम्हालाच पटकन सांगता येणार नाही. त्या आधी घ्या.